घड्याळ पावले मोजेल, चालायचे कोणी?

पाऊस, धूळ आणि लोकलचा प्रवास यांमुळे पनवेलकरांचा व्यायाम घरात आला. हाताशी मोबाइल आहे, मनगटावर पट्टा आहे. त्यांचा खरा उपयोग किती आणि कुठे, याचा हा लेखाजोखा.

पनवेलमध्ये जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून एक बदल गाजावाजा न करता होतो. वडाळे तलावाकाठी पहाटे फेऱ्या मारणारी मंडळी कमी होऊ लागतात. खारघरच्या सेंट्रल पार्कमधली गर्दी विरळ होते. ‘उघडीप मिळाली की जाऊ’ म्हणता म्हणता गणपती येतात, मग नवरात्र, मग ऑक्टोबरचे ऊन आणि पाठोपाठ फराळाचे डबे. चार महिने मोडलेली सवय पुन्हा लागेपर्यंत वर्ष संपत आलेले असते. दिवाळीनंतर रक्त तपासले की साखरेचा आकडा वर सरकलेला दिसतो आणि त्याचे खापर लाडू-चकलीवर फुटते. त्याआधीचे चार महिने बसून गेले, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ही बैठी सवय पनवेलपुरती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये १९७ देश-प्रदेशांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातील ४९.४ टक्के प्रौढ व्यक्ती पुरेशा हालचालीच्या खाली होत्या. २००० मध्ये हे प्रमाण २२.३ टक्के होते. पुरुषांमध्ये ते सुमारे ४२ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के आढळले. हाच वेग राहिला तर २०३० पर्यंत दर दहा प्रौढांमागे सहा जण या गटात असतील, असा अंदाज आहे. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचे सांगितले. उंबरठ्यावरच्या या मंडळींना नियमित हालचाल बरीच वर्षे उंबरठ्याबाहेर रोखून धरू शकते. त्यामुळे व्यायाम घरात कसा टिकवायचा, हा छंदाचा विषय उरलेला नाही.

अंगणच उरले नाही

‘बाहेर जाऊन चाला’ हा सल्ला सोपा आहे. पण ज्या शहरात चालायचे ते शहर पाहिले पाहिजे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा हे भाग तिच्या कवेत आले. एका बाजूला तळोजा औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कळंबोलीची अवजड वाहतूक, तिसरीकडे नवी मुंबई विमानतळ आणि त्याच्या आसपास चाललेली बांधकामे. जानेवारी २०२१ मध्ये ‘वातावरण फाउंडेशन’ या संस्थेने खारघरमध्ये कृत्रिम फुफ्फुसांचा फलक उभारला होता. पांढरी शुभ्र फुफ्फुसे दहा दिवसांत काळी पडली. उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्याच मोकळ्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. दम्याचा रुग्ण, हृदयविकाराचा रुग्ण किंवा सत्तरी ओलांडलेली व्यक्ती यांना वर्षाचे काही दिवस तरी घरात थांबणेच शहाणपणाचे ठरते.

वेळेचे गणितही अवघड. पनवेलहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलने सुमारे ८० मिनिटे लागतात. जाऊन-येऊन १६० मिनिटे. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ८०० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे सुचवते. म्हणजे वरच्या मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त वेळ रुळांवर जातो. त्यात जागा मिळाली तर बसून आणि न मिळाली तर एका पायावर.

घरातल्या स्त्रीची अडचण निराळी आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. ‘दिवसभर कामच तर करते, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच घरोघरी ऐकू येतो. केर काढणे, लादी पुसणे, बादली उचलणे यांत खरोखर व्यायाम होतो आणि पुरेशी हालचाल मोजताना घरकामही धरले जाते. तरीही आकडा ५७ टक्क्यांवर जातो. ओट्यापाशी उभे राहून भाजी चिरणे, डबे भरणे, मुलांच्या अभ्यासाला बसणे यात वेळ जातो, थकवाही येतो. पण हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत. दमणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पट्टा बांधल्याने काय होते?

या पोकळीत तंत्रज्ञान शिरले. बाजार-संशोधन करणाऱ्या ‘आयडीसी’च्या नोंदीनुसार २०२३ मध्ये भारतात अंगावर घालायची १३ कोटी ४२ लाख उपकरणे दाखल झाली. त्यात कानातली उपकरणे बहुसंख्य असली, तरी स्मार्ट घड्याळांचा आकडाही पाच कोटींच्या पुढे होता. २०२४ मध्ये मात्र हा बाजार पहिल्यांदाच घसरला आणि स्मार्ट घड्याळांची घट सुमारे एक तृतीयांश होती. अनेक घरांत याचे प्रत्यंतर दिसते. वाढदिवसाला आलेले घड्याळ पहिला महिना मनगटावर, दुसरा महिना चार्जरवर आणि तिसऱ्या महिन्यापासून कपाटाच्या खणात.

घड्याळ निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. २००७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात साधा पावले मोजणारा यंत्रतुकडा कमरेला लावणाऱ्यांची पावले इतरांपेक्षा दिवसाला सुमारे २,५०० ने वाढल्याचे दिसले. २०२२ च्या ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मधील व्यापक आढाव्यातही दिवसाला सुमारे १,८०० पावलांची वाढ आढळली. जुन्या आढाव्यातली एक बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे : ज्यांनी दिवसाचे ठरावीक लक्ष्य ठेवले होते, त्यांचीच पावले वाढली.

आता नाण्याची दुसरी बाजू. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ४७१ जणांवर दोन वर्षे चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सर्वांनाच आहार-व्यायामाचा सल्ला होता. एका गटाला शिवाय दंडावर बांधायचे उपकरण दिले. दोन वर्षांनी उपकरण असलेल्या गटाचे वजन सरासरी साडेतीन किलोने उतरले आणि नसलेल्यांचे जवळपास सहा किलोने! त्याच वर्षी सिंगापूरमध्ये ८०० नोकरदारांवर केलेल्या प्रयोगात पट्ट्याने हालचाल थोडी वाढली, पण वजन किंवा रक्तदाबात फरक पडला नाही. रोख बक्षीस सुरू असेपर्यंत काही जण चालले. बक्षीस थांबल्यावर उत्साह ओसरला.

या निकालांशेजारी चेन्नईच्या संशोधकांचा एक प्रयोग ठेवून पाहावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांना दोन गटांत विभागले. एका गटाला आहार व व्यायामाची आठवण देणारे साधे संदेश नियमितपणे मोबाइलवर पाठवले. ना स्मार्टफोन, ना घड्याळ. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला; संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. हा फरक एकट्या व्यायामाचा नव्हता, आहारातील बदलाचाही त्यात वाटा होता. तरी आपल्या परिस्थितीशी जुळणारी, वेळेवर येणारी आठवण किती काम करते, ते यातून कळते. असा संदेश पाठवायला महागडे उपकरण लागत नाही.

पोळ्या लाटल्या, पावले वाढली

घड्याळ मोजते तरी कसे? त्यात त्वरणमापक नावाची बारीक चिप असते. चालताना हात ठरावीक लयीत झुलतो. ती लय ओळखून चिप पाऊल धरते. म्हणून पोळ्या लाटताना किंवा टाळ्या वाजवून आरती म्हणताना बसल्या जागी काही पावले जमा होऊ शकतात. उलट, हातात पिशव्या घट्ट धरून चार जिने चढलेल्या माणसाची पावले कमी भरतात. हृदयाचे ठोके मोजण्यासाठी घड्याळाच्या पोटातून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो आणि रक्ताच्या प्रवाहाप्रमाणे परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो. पट्टा सैल असेल किंवा घाम साचला असेल, तर हे मोजमाप हुकते.

सर्वांत कमी भरवशाचा आकडा उष्मांकांचा. २०१७ मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात उपकरणे तपासली. सातपैकी सहा उपकरणांची ठोक्यांमधली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या उष्मांकांत मात्र सर्वांत चांगले उपकरणही २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. ‘३०० कॅलरी जळल्या’ असे घड्याळाने सांगितले म्हणून संध्याकाळी एक वडापाव जास्त खाणे हा तोट्याचा व्यवहार आहे. सुई न टोचता रक्तातील साखर सांगण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांबद्दल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. असे एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मान्य केलेली नव्हती. त्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवणे जिवावर बेतू शकते.

मग दहा हजार पावलांचे काय? हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले. त्याचे नाव ‘मानपो-केइ’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव जगभर पसरले आणि वैद्यकीय नियम असल्यासारखे रुळले. सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० स्त्रियांवरील २०१९ च्या अमेरिकी अभ्यासात रोज ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका घटलेला दिसला. ७,५०० च्या पुढे लाभ जवळपास स्थिरावला. जुलै २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील आढाव्याने रोज २,००० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ७,००० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी असल्याचे नोंदवले. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. निरोगी माणूस मुळात जास्त चालतो, हेही त्यात मिसळलेले असते. पण तीन हजारांवर अडकलेल्या व्यक्तीने दहा हजार जमत नाहीत म्हणून पट्टा काढून ठेवण्याचे कारण नाही. पाच हजारांपर्यंतची मजलही मोलाची आहे.

पावलांपलीकडे

दिवाणखाना ते स्वयंपाकघर फेऱ्या मारून पावले भरतील, पण तेवढ्याने काम पूर्ण होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्या एका चित्राने जगाला समजावले. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणावर स्नायूच उचलतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगितले आहेत. मनगटावरचे घड्याळ याची नोंद नीट घेत नाही. दहा वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठणे, भिंतीला टेकून जोर काढणे, टाचा उचलणे यांत पावले शून्य, लाभ मोठा.

महाराष्ट्राला हे नवे नाही. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो सतरंजीएवढी जागा सगळ्यांकडे असते, हे ओळखून. खंडाळ्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले आणि योगाभ्यासाचा शरीरावरील परिणाम क्ष-किरणांसारख्या त्या काळच्या नव्या साधनांनी तपासला. त्या काळीही उपकरण तपासणीसाठी होते आणि घाम सतरंजीवरच गाळायचा होता.

अगदी थोड्या वेळाच्या हालचालीचेही मोल आहे आणि हे ज्ञान मात्र मनगटी उपकरणांमुळेच मिळाले. मुद्दाम व्यायाम न करणाऱ्या सुमारे २५ हजार ब्रिटिश व्यक्तींच्या हालचालींच्या नोंदी २०२२ मध्ये अभ्यासल्या गेल्या. दिवसातून तीन-चार वेळा एकेक मिनिट दम लागेल अशी हालचाल, म्हणजे झपाझप जिना चढणे किंवा जड सामान घेऊन भराभर चालणे, करणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. ऑस्ट्रेलियात १९ स्थूल व्यक्तींवर झालेल्या छोट्या प्रयोगात दर २० मिनिटांनी दोन मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर सलग बसण्याच्या तुलनेत सुमारे पाव हिश्शाने कमी चढली. घरून काम करणाऱ्याने मोबाइलवर दर अर्ध्या तासाचा गजर लावला आणि फोनवरचे बोलणे उभ्याने केले, तर तंत्रज्ञानाचा यापेक्षा स्वस्त वापर दुसरा नाही.

फोन कुणाच्या हातात?

फुकट साधनांची वानवा नाही. केंद्र सरकारचे ‘फिट इंडिया’ ॲप २९ ऑगस्ट २०२१ रोजी आले. आयुष मंत्रालयाचे ‘वाय-ब्रेक’ कामाच्या जागी पाच मिनिटांत करायची योगासने दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष मंत्रालयाच्या साहाय्याने २१ जून २०२१ रोजी ‘एम-योगा’ आणले. प्रश्न पोहोचण्याचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील केवळ ३३.३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५७.१ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले, पण घरातला चांगला फोन आणि घड्याळ कुणाला मिळते, याचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले आहे. ज्या आजींना तोल सांभाळण्याचा व्यायाम सर्वाधिक हवा, त्यांच्या हाती बटनांचा फोन असतो आणि व्हिडिओतली सूचना इंग्रजीत.

शिवाय व्हिडिओतला तरुण प्रशिक्षक समोरच्याचा गुडघा पाहू शकत नाही. गुडघे झिजलेल्यांनी उड्यांचे प्रकार टाळावेत. खालच्या मजल्यावरचे शेजारीही दुवा देतील. गुळगुळीत लादीवर मोजे घालून व्यायाम करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जोराचा व्यायाम केल्यास साखर एकदम उतरू शकते. जवळ साखर किंवा गूळ असावा. रक्तदाबासाठी ठोके मंदावणारी औषधे चालू असतील, तर घड्याळाने दाखवलेले ‘लक्ष्य’ गाठण्याचा अट्टहास धोक्याचा. त्यांच्यासाठी जुनी कसोटी बरी : चालता चालता बोलता यावे, पण गाता येऊ नये. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, घेरी, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर थांबून डॉक्टरांना गाठावे. अशा वेळी घड्याळातला आकडा ‘नॉर्मल’ दिसला म्हणून घरी थांबू नये.

माहितीचाही विचार हवा. ठोके, झोप, मासिक पाळी, रोजचा चालण्याचा रस्ता हे सारे ॲपकडे जाते. काही आरोग्य विमा योजना पावलांच्या बदल्यात हप्त्यात सवलत देतात. सवलत घेण्यात गैर काही नाही. पण कोणती परवानगी दिली हे वाचून द्यावी आणि नको ती बंद करावी. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला असला, तरी ‘मान्य आहे’वर बोट आपलेच पडते.

पनवेलच्या वसाहतींना एक गोष्ट सहज करता येईल. जवळपास प्रत्येक मोठ्या सोसायटीत सभागृह असते आणि ते वार्षिक सभा आणि बारशापुरते उघडते. पावसाळ्याचे चार महिने तिथे सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मोठ्या पडद्यावर मराठीतून व्यायाम लावता येईल. पहिल्या काही दिवशी एखादे फिजिओथेरपिस्ट येऊन गुडघे, पाठ आणि औषधे विचारून कुणी काय टाळावे हे सांगतील. सोसायटीचा व्हॉट्सॲप समूह सुप्रभातच्या फुलांसाठी चालतोच. त्यावर रोज साडेपाचला एक आठवण गेली, तर चेन्नईचा धडा खारघर-कामोठ्यात गिरवता येईल. फोन नसलेल्या आजींनाही सभागृहाचे दार उघडे असते. शेजारीण न आल्यास कुणीतरी बेल वाजवतेच, आणि ती बेल घड्याळाच्या थरथरीपेक्षा टाळायला अवघड असते.